चिन्ह तेच, मतदार तेच, निकाल उलटा: मतदार पक्ष बघतो की नेत्याची निर्णय घेण्याची पद्धत?

बारामती विधानसभा मतदारसंघ, २०२४. मे महिन्यात लोकसभेचं मतदान झालं. लोकसभा मतदारसंघ मोठा आहे, आपण त्यातलं फक्त बारामती हे विधानसभा क्षेत्र बघू. तिथे 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हावरच्या सुप्रिया सुळेंना 'घड्याळ' चिन्हावरच्या सुनेत्रा पवारांपेक्षा सुमारे ४८ हजार मतं जास्त पडली. नोव्हेंबरात तिथेच विधानसभेचं मतदान झालं. पुन्हा घड्याळ विरुद्ध तुतारी, पण घड्याळावर अजित पवार आणि तुतारीवर युगेंद्र पवार. घड्याळ १,००,८९९ मतांनी निवडून आलं.

(पडद्यावर: मे – तुतारी पुढे, सुमारे ४८,०००. नोव्हेंबर – घड्याळ पुढे, १,००,८९९.)

४८ हजारांची पिछाडी आणि १ लाखाची आघाडी मिळून फरक दीड लाखाचा होतो. पण म्हणून दीड लाख माणसं फिरली असं म्हणू नका. एक मतदार तुतारीकडून घड्याळाकडे गेला की तुतारीचं एक मत घटतं, घड्याळाचं एक वाढतं, आणि दोघांमधलं अंतर दोन मतांनी बदलतं. त्यामुळे मतदान सारखंच झालं असं धरलं तर हा आकडा सुमारे ७५ हजारांवर येतो. निकालाच्या रात्री चर्चेत बसलेले लोक हे भागायचं विसरतात आणि प्रत्येक लाट दुप्पट मोठी दिसते.

ही ७५ हजार माणसं पक्षनिष्ठ होती का? चिन्हाशी तर नव्हती. 'लोकसभेला ताई, विधानसभेला दादा' हे बारामतीत उघडपणे बोललं जात होतं. खासदार कोण आणि आमदार कोण, याचे दोन वेगळे हिशेब लोकांच्या डोक्यात होते. आमदार म्हणून अजित पवारांची ओळख होती ती भल्या सकाळी कामांच्या पाहणीला निघणारा आणि 'हो' किंवा 'नाही' तोंडावर सांगणारा नेता अशी. तालुक्याच्या ठिकाणी चार हेलपाटे घालणाऱ्या माणसाला 'बघतो, करतो'पेक्षा स्पष्ट 'नाही' परवडतं, कारण त्याचा पुढचा रोजगार बुडत नाही.

पण इथेच थांबलो तर चूक होईल. मे आणि नोव्हेंबरच्या मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिना १,५०० रुपये खात्यात जमा होऊ लागले, आणि राज्यभर वारं बदललं. लोकसभेला महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या होत्या, विधानसभेला तीच महायुती दोनशेच्या पुढे गेली. मग बारामतीतला बदल दादांच्या कार्यपद्धतीचा किती आणि वाऱ्याचा किती? एकट्या बारामतीवरून हे सांगताच येत नाही.

म्हणून नांदेडला चला. २० नोव्हेंबर २०२४. काँग्रेसचे खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभेची निवडणूक एकाच दिवशी, एकाच केंद्रात. मतदाराच्या समोर दोन यंत्रं: लोकसभेच्या यंत्रावर पांढरी मतपत्रिका, विधानसभेच्या यंत्रावर गुलाबी. एकाच माणसाने काही मिनिटांत दोन बटणं दाबली. या लोकसभा मतदारसंघातल्या भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. आणि लोकसभा? ती वसंतरावांचे चिरंजीव, काँग्रेसचेच रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी जिंकले.

दोन्ही मतं एकाच दिवसाची असल्यामुळे लाडकी बहीण, सोयाबीनचा भाव, शेवटच्या आठवड्यातल्या सभा, यांपैकी कशालाच हा फरक चिकटवता येत नाही. काही हजार लोकांनी पांढऱ्या मतपत्रिकेवर एक पक्ष आणि गुलाबीवर दुसरा निवडला, हे उघड आहे. त्यात वडिलांच्या निधनाची सहानुभूती असणार, विधानसभेच्या बहुरंगी लढतीही असणार. तरीही पक्षाचं मत म्हणजे गठ्ठा, तो उचलून हव्या त्या पेटीत टाकता येतो, ही समजूत इथे मोडते. वारा मात्र होताच: जूनमध्ये हीच जागा काँग्रेसने ५९ हजारांहून अधिक मतांनी जिंकली होती.

आता साताऱ्याचं उदाहरण, कारण यात हमखास फसायला होतं. मे २०१९ मध्ये उदयनराजे भोसले राष्ट्रवादीकडून खासदार झाले, सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांकडून ८७ हजारांहून अधिक मतांनी हरले. त्याच दिवशी सातारा विधानसभेत शिवेंद्रसिंहराजे जिंकले, तेही राष्ट्रवादीतूनच भाजपमध्ये गेलेले. मग 'एकाला पक्षांतराची शिक्षा, दुसऱ्याला माफी' असा निष्कर्ष काढला जातो. तो कच्चा आहे. लोकसभेत वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा असे सहा मतदारसंघ येतात, विधानसभेत एकटा सातारा. सहाची बेरीज आणि एकाचा निकाल शेजारी ठेवून तुलना होत नाही.

तुमच्या मतदारसंघात ही तुलना नीट करायची असेल तर लागतो नमुना २०. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो विधानसभा क्षेत्रनिहाय मिळतो, लोकसभेचासुद्धा. एका ओळीत एक मतदान केंद्र, पुढे प्रत्येक उमेदवाराची मतं. लोकसभेचा आणि विधानसभेचा तक्ता शेजारी उघडा आणि केंद्रं जुळवा, पण क्रमांकावरून जुळवू नका. मतदार वाढले की एक केंद्र फोडून दोन करतात आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. ४१ नंबर म्हणून तुम्ही भलत्याच गावाची मतं वाचत बसाल. नमुना २० मध्ये फक्त केंद्राचा क्रमांक असतो, म्हणून दोन्ही निवडणुकांच्या मतदान केंद्रांच्या यादीत शाळेचं नाव आणि खोली बघा. टपाली मतं दोन्हीकडून वगळा, कारण लोकसभेची टपाली मतं संपूर्ण लोकसभा मतदारसंघाची एकत्र मोजतात. आणि मतांचा आकडा नको, टक्केवारी काढा, नाहीतर मतदान वाढल्याचं श्रेय उमेदवाराला जाईल. एखाद्या गावात दोन निवडणुकांत एकाच पक्षाच्या टक्केवारीत १० ते १५ टक्क्यांचा फरक दिसला, तर त्या गावात आमदाराबद्दल वेगळं मत आहे असं धरून पुढची चौकशी करावी.

ही चौकशी सभागृहातल्या मतदानात करू नका. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टामुळे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यामुळे, पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं, म्हणून तिथे सगळे आपापल्या पक्षासारखेच दिसतात. पद्धत दिसते ती स्थानिक विकास निधीत. महाराष्ट्रात आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. काम आमदार सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात.

जिल्हा नियोजन कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, उत्तराची मुदत ३० दिवस. 'निधीची माहिती द्या' असं मोघम लिहिलं तर नुसती बेरीज हातात पडते. प्रत्येक कामासाठी चार तारखा मागा: आमदाराचं शिफारसपत्र, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश. शिफारसपत्रंच फेब्रुवारी-मार्चला गठ्ठ्याने निघत असतील, तर वर्षभर निर्णय झालेला नाही, ही आमदाराची पद्धत. पत्र जूनचं आणि मान्यता मार्चची असेल, तर उशीर कार्यालयात झाला आहे, आणि त्याचा राग आमदारावर काढणं अन्यायाचं आहे. आणि सगळी पत्रं आचारसंहितेच्या आधीच्या तीन आठवड्यांतली निघाली, तर त्या गावांची नावं नमुना २० शेजारी ठेवून बघा.