प्रतिद्रव्याचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. आज कागद-पेन्सिल जवळ ठेवा, एक गणित आपण मिळून सोडवणार आहोत. त्रिकोणमिती झालेली मुलं, मग ती डिचोलीची असोत की काणकोणची, ते सहज करतील.

विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य, म्हणजे द्रव्याचंच उलट भाराचं रूप, सारखंच निर्माण झालं, असं मानतात. दोन्ही भेटली की नष्ट होतात, मागे उरतो तो प्रकाश. तरीही मांडवी आहे, सह्याद्री आहे, आपण आहोत. म्हणजे साधारण अब्जामागे एखादा कण जास्तीचा उरला. तो का उरला, याहून मूलभूत प्रश्न मला तरी दुसरा दिसत नाही.

दोघांच्या वागण्यातला पहिला फरक 1964 साली क्रोनिन आणि फिच या शास्त्रज्ञांना केऑन नावाच्या कणाच्या विघटनात सापडला. तो अगदी बारीक होता. बी मेसॉनमध्ये मात्र तो ठसठशीत दिसतो. हा कण प्रोटॉनच्या साडेपाचपट जड. सेकंदाचे लाख कोटी भाग केले, तर त्यातले दीड भाग एवढंच त्याचं आयुष्य!

कधीकधी तो फुटून केऑन आणि पायॉन हे दोन हलके कण होतात. त्याला वाटा दोन: एक सरळ, दुसरी वळशाची, जिला शास्त्रज्ञ ‘पेंग्विन’ म्हणतात. पुंजभौतिकीत दोन्ही वाटांच्या लाटा एकमेकींत मिसळतात. रायबंदर-चोडणच्या दोन फेरीबोटींच्या लाटा मिसळाव्यात, तशा. कुठे पाणी उंच चढतं, कुठे सपाट होतं. ते ठरतं दोन लाटांमधल्या कोनावरून.

या कोनाचे भाग दोन. एक क्षीण बलाचा, म्हणजे कण फुटण्यामागच्या बलाचा, कोबायाशी आणि मास्कावा यांनी 1973 साली मांडलेल्या सिद्धांतातला. प्रतिकणासाठी त्याचं चिन्ह उलटतं. दुसरा तीव्र बलाचा, म्हणजे अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या बलाचा. त्याचं चिन्ह कायम राहतं.

आता लिहा. एक लाट 10, दुसरी 2. विघटनाचं प्रमाण म्हणजे 100 अधिक 4 अधिक 40 गुणिले कोनाची कोसाइन. क्षीण कोन 60 अंश धरा, तीव्र कोन शून्य. कणाला 60, प्रतिकणाला उणे 60. कोसाइन दोन्हींची अर्धी, उत्तर दोन्हीकडे 124. फरक काहीच नाही!

आता तीव्र कोन 30 करा. कणाला 90, प्रतिकणाला उणे 30. एकीकडे 104, दुसरीकडे जवळपास 139. फरक 35, बेरीज 243, फरकाला बेरजेने भागलं की 14 टक्के विषमता. दोन्ही कोन असल्याशिवाय ती उमटतच नाही. मला या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

हे आकडे सोयीसाठी घेतले. प्रत्यक्षात तटस्थ बी मेसॉनच्या अशा 100 विघटनांत सुमारे 54 कणाची आणि 46 प्रतिकणाची भरतात.

खरी कसोटी तीव्र कोनाची. क्षीण कोन इतर विघटनांतून मोजलाय, सुमारे 65 अंश. तीव्र कोन मात्र या कणांच्या आतले क्वार्क आणि त्यांना जोडणारे ग्लुऑन यांच्या गुंत्यातून येतो. बी मेसॉनमधला बॉटम क्वार्क जड आहे, याचाच आधार घेऊन 1999 सालापासून तो काढायची एक पद्धत वापरात आली. पण तो क्वार्क काही अनंत जड नाही, त्यामुळे दुरुस्त्या राहतातच.

आणि एक पेच उरतोच. विद्युतभारित बी मेसॉन भारित केऑन आणि तटस्थ पायॉनमध्ये फुटतो, तेव्हा विषमता जवळपास तीच यायला हवी होती. मोजमापात चिन्हच उलटं आलं! गणित अपुरं आहे, की त्या वळशाच्या वाटेवर एखादा नवा कण दडलाय? जपानमधल्या त्सुकुबाचा बेल-2 प्रयोग तटस्थ केऑन आणि तटस्थ पायॉनचं विघटन आणखी अचूक मोजतोय. तो आकडा पक्का झाला, की केऑन-पायॉनच्या चारही विघटनांचा (चौथं म्हणजे भारित बी मेसॉन फुटून तटस्थ केऑन आणि भारित पायॉन) ताळा एकत्र घालून पाहता येईल.