जीईओचा डेटा: लॉग घेण्याआधी कमाल आकडा बघा

नमस्कार मंडळी! कॉमेंटमध्ये एकच प्रश्न सारखा येतोय: जीईओवरून (कुठला जीन किती सक्रिय, याच्या मोजमापांचा सार्वजनिक साठा) डेटा उतरवला, पण स्टेम सेल आणि साध्या पेशींत फरकच दिसत नाही, असं का?

उतरवायचं कसं, ते झटपट सांगतो. जीएसई क्रमांक (त्या अभ्यासाचा जीईओवरचा नंबर) टाका, सिरीज मॅट्रिक्स फाइल (सगळ्या सॅम्पलच्या आकड्यांचा तक्ता) घ्या. आरएनए-सीक (आरएनएचे तुकडे वाचून मोजायची पद्धत) असेल तर तिच्यातला तक्ता बहुतेक वेळा रिकामाच असतो, काउंट (कुठल्या जीनचे किती तुकडे, म्हणजे रीड्स, सापडले ते आकडे) सप्लिमेंटरी फाइलमध्ये बघा. झालं.

आता खरा घोळ. मायक्रोअ‍ॅरेच्या (चिपवरच्या चमकेवरून जीनची पातळी मोजायची पद्धत) फाइलमधला सर्वांत मोठा आकडा बघा. तो १६ च्या आसपास किंवा आत असेल, तर लॉग२ (२ च्या पायाचा लॉग) आधीच घेतलेला आहे. मायक्रोअ‍ॅरेचे आकडे तयार करायची आरएमए पद्धत तसेच आकडे देते. हजारांत असेल, तर लॉग तुम्हाला घ्यायचाय. खात्री हवी? सॅम्पलच्या पानावर 'डेटा प्रोसेसिंग' ही ओळ असते. ती वाचा. कृपा करून वाचा!

दुसऱ्यांदा लॉग घेतला तर काय होतं बघा. एका जीनचा आकडा स्टेम सेलमध्ये १४, साध्या पेशीत १०. फरक ४, म्हणजे १६ पट. पुन्हा लॉग घ्या: ३.८१ आणि ३.३२. उरले जेमतेम १.४ पट! दोन पटींची चाळणी लावली की जीन यादीतून गायब.

उलटं केलंत, म्हणजे लॉग न घेताच लिमा (फरक शोधणारं आर पॅकेज) चालवलंत, तर लॉग-फोल्ड-चेंजच्या (किती पट फरक, त्याचा लॉग) रकान्यात शेकड्यांतले आकडे येतील. असं दिसलं की तिथेच थांबा.

टीसीजीएवाल्यांनो (कर्करोगाच्या जीन-डेटाचा मोठा प्रकल्प वापरणाऱ्यांनो), तुमचंही तेच. झीना या संकेतस्थळाच्या जीडीसी हबवर हा डेटा मिळतो, तिथले काउंट १ मिळवून लॉग२ केलेले असतात. डेसीक२ ला (काउंटमधला फरक शोधणारं आर पॅकेज) कच्चे काउंट लागतात. अपूर्णांक बघून ते अडतं, आणि लोक सरळ राउंड करून मोकळे होतात. अहो, १०२३ रीड्सचे तुम्ही १० केलेत! आधी २ चा तितकावा घात काढा, १ वजा करा, मगच राउंड.

बरेच जण विचारतात, ऑक्ट४ (स्टेम सेलची ओळख असलेला जीन) यादीत का सापडत नाही? त्याचं अधिकृत नाव पीओयू५एफ१ आहे, त्या नावाने शोधा. आणि जीनची यादी एक्सेलमध्ये थेट उघडू नका, ऑक्ट४ ची तारीख होते. इम्पोर्ट करताना तो रकाना 'टेक्स्ट' ठेवा.