रॉडवरचा बुश आणि आपला पावसाळा

मंडळी, तुमच्यात कोणी नरकासुराचे हात हलवतो, कोणी शिगम्याच्या चित्ररथावर राक्षसाची मान फिरवतो, तर कोणी मखरासाठी फोम कापायचं मशीन घरीच जुळवतोय. या सगळ्यांत एक भाग लागतोच: लोखंडी रॉडवर सरकणारा किंवा फिरणारा बुश, म्हणजे रॉड ज्याच्या भोकातून जातो ती आखूड नळी. आज बोलायचं ते प्लॅस्टिकच्या, घरी केलेल्या बुशबद्दल. परवडत नाही म्हणून वापरायची ती तडजोड, असं त्याच्याबद्दल बोललं जातं. मला ते पटत नाही. निदान गोव्यात तरी नाही.

आठ मिलिमीटरच्या रॉडसाठी बाजारात एलएम८यूयू नावाचं, आत पोलादी गोळ्या असलेलं बेअरिंग मिळतं. बाहेरचा व्यास १५, लांबी २४ मिलिमीटर. आतल्या गोळ्या रॉडला ठिपक्यापुरत्याच टेकतात, सगळा भार त्या ठिपक्यांवर. म्हणून रॉड हार्ड केलेला हवा. हार्डवेअरच्या दुकानातला साधा ब्राइट बार, म्हणजे हार्ड न केलेला गुळगुळीत लोखंडी रॉड, घातलात तर थोड्याच दिवसांत त्यावर चर पडतात. त्यात आपली खारी हवा. गोळ्या गंजून अडकल्या की त्या फिरायच्या थांबतात आणि नुसत्या घासत राहतात. प्लॅस्टिकचा बुश रॉडला रुंद टेकतो, म्हणून त्याला मऊ रॉड चालतो, ३०४ स्टेनलेसही चालतो. २००५ साली इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रिप्रॅप सुरू केलं, स्वतःचे बरेचसे भाग स्वतः छापणारं थ्रीडी प्रिंटरचं मशीन. त्या मंडळींनीही पुढे छापलेले बुश भरपूर वापरले.

आता प्लॅस्टिक कुठलं? टर्नरकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, गेलात की तो आधी नायलॉनचा रॉड काढतो. नायलॉन चिवट आहे, झिजत नाही, सगळं खरं. पण ते पाणी पितं. नायलॉन ६ पाण्यात बुडवून ठेवलं तर वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास पाणी घेतं आणि त्या मानाने फुगतं. बुश घट्ट बसवलेला असतो, बाहेर जायला वाव नाही, मग सगळी फूग भोकाच्या बाजूला येते. मे महिन्यात तुम्ही ०.१ मिलिमीटरचा प्ले, म्हणजे रॉड आणि भोकामधली सैल जागा, ठेवून खूश होता आणि पावसाळी दमट हवा पिऊन चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर, ऐन घाईत, मशीन जाम. लोक मोटर बदलतात, बेल्ट ताणतात. बुशकडे कोणी बघत नाही. डेलरीन नावाचं टणक प्लॅस्टिक पाणी फारच कमी घेतं, एचडीपीई, म्हणजे एक प्रकारचं पॉलिथिन, जवळजवळ घेतच नाही. स्वयंपाकघरातला पांढरा कटिंग बोर्ड बऱ्याचदा एचडीपीईचाच असतो. जाड बघून घ्या. टेफ्लॉन सगळ्यांत गुळगुळीत, पण सततच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि भोक ढिलं होतं. थ्रीडी प्रिंटरवर छापलेला पीएलए या प्लॅस्टिकचा बुश हलक्या कामाला ठीक, पण साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. दुपारच्या उन्हात उभ्या असलेल्या बंद टेम्पोत तो ठेवून बघा.

भोक पाडताना एक गंमत होते. आठचा ड्रिल मारला तरी भोक आठाचं राहत नाही. प्लॅस्टिक दबतं आणि ड्रिल बाहेर काढला की परत येतं. त्यात बुश ठोकून बसवला की आणखी आवळतं. म्हणून बुश आधी बसवा, भोक मग साफ करा. रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार, नसेल तर त्याच रॉडचा वीतभर तुकडा घ्या, टोकाला करवतीने दोन-तीन तिरप्या खाचा पाडा, कडा धारदार ठेवा आणि ड्रिल मशीनला लावून सावकाश फिरवा. थांबत थांबत, नाहीतर प्लॅस्टिक तापून चिकटतं. पॉलिश पेपर मात्र आत घालू नका. त्याचे कण मऊ प्लॅस्टिकमध्ये रुततात, तिथेच बसतात आणि पुढे रॉड खरवडत राहतात.

बुश चांगला असूनही गाडा, म्हणजे बुशांवर बसून रॉडवरून सरकणारा भाग, अडकतो, तेव्हा दोष बहुधा मापाचा असतो. जुन्या टेबलाचा रुंद खण एका कोपऱ्याला धरून ओढला की तिरपा होऊन अडकतो, तसंच हे. ज्या रॉडवर गाडा धरलाय त्यापासून ओढणारा बेल्ट जितका लांब, तितके बुश तिरपे दाबले जातात. घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला तर हे अंतर दोन बुशांमधल्या अंतराच्या दुपटीपेक्षा कमी हवं. त्यापुढे कितीही जोर लावा, गाडा हलणार नाही, कारण जोराबरोबर घर्षणही वाढतं. म्हणजे बुश लांब लांब ठेवा, बेल्ट रॉडच्या जवळ आणा. दोन रॉड असतील तर एकावरच दोन बुश नेमके बसवा. दुसऱ्यावर एकच, तोही आडवा थोडा हलेल असा. चारही बुश आवळून बसवलेत तर रॉड केसभर जरी समांतर नसले तरी भांडण सुरू.

तेलाबद्दल मघाशी कोणीतरी विचारलं. एचडीपीईला तेलाची गरज नाही. रॉड गंजू नये म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा आणि कोरड्या फडक्याने पुसून टाका. ओला राहिला तर धूळ धरतो. खोबरेल नकोच. ते चोवीस अंशांच्या आसपास गोठतं, आणि जानेवारीच्या पहाटे आपल्या सत्तरी तालुक्यात पारा त्याच्या बराच खाली असतो. गंज आलाच तर आधी रॉड बाहेर काढून तो घासून साफ करा, मग बुशची झीज बघा. गंजाचे कण आत राहिले तर नवा बुशही तसाच झिजेल.