संत्र्याची साल

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय ‘निसर्ग आणि माझी भट्टी’ असा छापलाय. त्याकडे येतेच, पण आधी संत्र्याचं सांगते, नाहीतर ते पोटात राहील.

नागपुरात सिरॅमिकचं काम करणाऱ्याकडे लोक एकच मागतात, संत्रं. मीठदाणी संत्र्याची, कानातले फोडीचे. एका ऑफिसनं पाहुण्यांना द्यायला दीडशे पेपरवेट सांगितले. मी कळमन्याच्या फळबाजारातून दोन डझन संत्री आणली, आठवडाभर निरखली, मग घरच्यांनी खाल्ली. साच्यात माती दाबली आणि सालीचे ठिपके टाचणीनं टोचत बसले. नवरा बघून म्हणाला, “संत्र्याला देवी आल्यासारखं दिसून राह्यलं बाप्पा!” बरोबरच होतं त्याचं. खऱ्या सालीतले ठिपके म्हणजे तेलाच्या पिशव्या, सालीतच वाढलेल्या. माझे बाहेरून भोसकलेले.

रंगाचं तर विचारूच नका. लोखंडाचं ऑक्साइड तांबूस-तपकिरीवर थांबतं. कॅडमियम-सेलेनियमचा नारिंगी झकास, पण उष्णता वाढली की साधा रंग उडून जातो, आणि मी भाजते १२४० अंशांवर. भट्टी उघडली तर दीडशे चिकू. ऑफिसनं परत पाठवले, “मॅडम, हे बटाटे आहेत.” अजून माझ्या गच्चीवर कुंड्यांना टेकण म्हणून पडलेत. (हशा) हसा. पैसे अडकले ते माझे.

त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीत जुनी नाली उकरली. मातीच्या ढिगावर पाइपाचा एक तुकडा चमकत होता. मधाचा रंग, आणि वर बारीक बारीक खळगे, हुबेहूब संत्र्याची साल! हे जुने पाइप मीठ टाकून भाजलेले. भट्टी १२०० च्या पुढे गेली की आत मीठ फेकायचं. त्यातल्या सोडियमची वाफ मातीतल्या सिलिकाला, म्हणजे वाळूत असतं त्या द्रव्याला, धरते आणि तिथल्या तिथे काच होते, पण सपाट बसत नाही, थेंबाथेंबानं गोळा होते. या पोताला कुंभारांच्या जगात नावच ‘ऑरेंज पील’ आहे. मी इकडे टाचणी घेऊन बसले होते आणि खरं संत्रं आमच्याच नालीत पुरलेलं!

आली का चिठ्ठी? पाच मिनिटं? बरं.

तर मूळ विषय. भांड्यावर पान काढणं वेगळं आणि पानाला भट्टीत त्याचं काम करू देणं वेगळं. पावसाळ्यात अळ्या सागाच्या पानांची जाळी करतात, ती ओल्या मातीवर दाबली की उमटते, ते कुणीही करेल. मी पडलेली पानं जाळते, राख चाळते, त्यात माती कालवून ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेचा थर, करते. राखेतला चुना आणि पोटॅश सिलिकाला वितळवतात, ग्लेझ ओघळतो, कुठे थांबेल ते मला विचारून ठरत नाही. आपली काळी माती फुगते आणि वाळताना भेगाळते, एकटीचं भांडं होत नाही; पातळ करून वरून लावली तर गडद तपकिरी काच होते, जाड लागली की सोलून निघते. भट्टी निवताना ५७३ अंशांवर मातीतलं स्फटिकरूप सिलिका, म्हणजे क्वार्ट्‌झ आकसतं, तिथे घाई केली की भांडं तडकलं. भद्रावतीच्या ग्रामोदय संघातल्या कुंभारकामावर बोलायचं होतं, ते राहिलं.

मीठ? नाही, मी अजून टाकलेलं नाही. त्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि आमचे शेजारी वकील आहेत.

तो तुकडा आणलाय. पहिल्या रांगेपासून मागे द्या, बोट फिरवून बघा. धुतलाय हो, तीनदा.