जुन्या जीपचे बोल्ट: तीन सूत, बारीक आटा

(दृश्य: उघडी चेसी. स्प्रिंगच्या शॅकलजवळ गंजलेला बोल्ट, त्यावर पाना बसवणारा हात.)

जुन्या जीपचं काम इंजिनापेक्षा बोल्टांपाशी जास्त अडतं. 1940च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रानं मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि गाडीबरोबर तिचे अमेरिकी इंची आटेही, म्हणजे बोल्टावरचे पिळाचे फेरेही, इथे आले. पुढे महिंद्राच्याच एमएम 540 जीपमध्ये प्युजोचं एक्सडीपी 4.90 डिझेल इंजिन बसलं, ते मिलिमीटरचं. शिवाय मधल्या काळात गॅरेजवाल्यानं हाताला लागेल तो बोल्ट कुठेकुठे ठोकलेला असतोच. त्यामुळे एकाच गाडीत तीन-चार जातींचे आटे सापडतात. समोरचा बोल्ट कोणत्या जातीचा आहे हे ठरल्याशिवाय बाजारात जाण्यात अर्थ नाही.

ओळखायला तीन गोष्टी लागतात: जाडी, एका इंचात किती आटे आणि आट्याचा कोन. जाडी व्हर्नियरनं आट्यांच्या माथ्यावर घ्यायची. 7.9 मिलिमीटरच्या आसपास भरली तर तो 5/16 इंच असू शकतो, तसाच एम8, म्हणजे 8 मिलिमीटरचा, सुद्धा. 9.5 भरली तर 3/8, 11.1 भरली तर 7/16, 12.7 भरली तर अर्धा इंच. गंजानं आणि झिजेनं माप थोडं कमीच येतं, हे धरून चालायचं.

मग आट्याचं गेज, म्हणजे दातेरी पात्यांचा जुडगा. पातं आट्यात बसवून उजेडासमोर धरायचं. मधून फट दिसली की पातं चुकलं. 3/8 ला इंचात 24 आटे म्हणजे यूएनएफ (अमेरिकी बारीक आटा), 20 म्हणजे बीएसएफ (ब्रिटिश बारीक). 16 आले तर मात्र थांबायचं, कारण यूएनसी (अमेरिकी जाड) आणि बीएसडब्ल्यू (ब्रिटिश जाड, व्हिटवर्थ) दोन्हींना 16 च असतात. फरक कोनाचा: अमेरिकी आटा 60 अंशांचा, ब्रिटिश व्हिटवर्थ 55 अंशांचा. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर फिरतो, घट्टही वाटतो, पण आट्याची पूर्ण बाजू टेकत नाही आणि भार एका अरुंद पट्टीवर येतो. अर्ध्या इंचात तर बीएसडब्ल्यूला 12 आणि यूएनसीला 13 आटे असतात. दोनेक फेरे आत जातात, मग नट अडतो. तिथे लांब पाना लावून जोर केला की दोन्हींचे आटे गेले.

सगळ्यात फसवी जोडी 5/16 यूएनएफ आणि बारीक आट्याचा एम8. पहिल्याच्या दोन आट्यांतलं अंतर 1.058 मिलिमीटर, दुसऱ्याचं 1. नट हातानं चढतो म्हणून बरोबर वाटतो. पाचव्या आट्यापर्यंत चूक 0.3 मिलिमीटरपर्यंत साचते आणि तो जाम होतो. नट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे, हीच खरी परीक्षा.

डोक्यावरून अंदाज येतो, पण भरवसा ठेवता येत नाही. अर्ध्या इंचाच्या बोल्टाचं डोकं 3/4 चं, म्हणजे 19.05 मिलिमीटर, त्यावर 19 चा पाना कधी बसतो, कधी नाही. 5/16 चं डोकं अर्ध्या इंचाचं, त्यावर 13 चा पाना सैल बसून कोपरे गोल करतो. इंची पाने घेतलेले बरे, गॅरेजमध्ये तो खर्च वाया जात नाही.

डोक्यावरच्या खुणा मात्र वाचायच्याच. त्या बोल्टाची ताकद, म्हणजे ग्रेड, सांगतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड 5, सहा रेघा म्हणजे ग्रेड 8. मिलिमीटरच्या बोल्टांत 8.8 आकडा असलेला साधारण ग्रेड 5 च्या जोडीला बसतो आणि 10.9 ग्रेड 8 च्या. डोकं कोरं असेल तर तो साधा बोल्ट. स्टिअरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शनपासून लांब ठेवायचा.

(दृश्य: नागदेवी स्ट्रीट, मुंबई. दुकानातले बोल्टांचे खोके.)

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी. तिथे माप सुतात चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे 5/16 म्हणजे अडीच सूत, 3/8 म्हणजे तीन, 7/16 म्हणजे साडेतीन. पण नुसतं ‘तीन सूत’ म्हटलं की बऱ्याचदा जाड आट्याचा व्हिटवर्थ हातात येतो. ‘तीन सूत, बारीक आटा, यूएनएफ, हाय टेन्साइल’ असं पूर्ण सांगायचं आणि खिशात नमुन्याचा चांगला नट ठेवायचा. जुन्या बाजारातले सुटे बोल्टही चालतात, डोक्यावर खूण असेल आणि मानेपाशी बारीक झालेले नसतील तर.

लांबीत जास्त असलेला बोल्ट कापणं सोपं आहे. कापण्याआधी त्यावर नट चढवायचा, करवतीनं कापायचं, कानशीनं टोकाला उतार द्यायचा आणि मग नट उलटा काढायचा. निघताना तोच टोकाचे आटे साफ करतो. ग्राइंडरनं कापताना टोक निळं पडू द्यायचं नाही. निळा रंग म्हणजे पोलाद तापलं, आणि जास्त तापलं की कमावलेली ताकद उतरते.

(दृश्य: लेथ. चकमध्ये धरलेला बोल्ट.)

बाजारात मिळालाच नाही, तर टर्नरकडे, म्हणजे लेथवर काम करणाऱ्याकडे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत हे काम होतं, फक्त कच्चा माल आपण योग्य न्यायचा. एम10 चा पूर्ण आट्यांचा बोल्ट घासून तीन सूत करू, हा विचार हमखास फसतो. त्याच्या आट्याचा तळ 8.2 मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे 9.5 चा नवा आटा कापायला धातूच उरत नाही. अर्ध्या आट्यांचा लांब बोल्ट घ्यायचा आणि नवा आटा त्याच्या साध्या दांड्यावर कापून घ्यायचा. जुन्या आट्यांचं टोक कापून टाकायचं.

3/8 यूएनएफसाठी दांडा 9.40 ते 9.45 मिलिमीटर करायचा. नेमका 9.53 ठेवला तर डाय (बोल्टावर आटे कापणारं हत्यार) अडते आणि आटे फाटतात. आट्याची खोली एका बाजूनं 0.65 मिलिमीटर. 8.8 चा बोल्ट चांगल्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) डायनं, भरपूर तेल देऊन कापता येतो. 10.9 कठीण असतो, तिथे लेथवर कार्बाइड टूलच हवं, आणि 12.9 च्या वाटेला जायचं नाही. डोक्याखालची गोलाई टर्नरला मुद्दाम सांगून ठेवायला लावायची. तिथे काटकोन झाला की तडा तिथूनच सुरू होतो.

लेथचाही प्रश्न असतो. जुन्या लेथचा लीड स्क्रू (आटे कापताना टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) इंचात चार आट्यांचा असेल तर 24 आटे सुखात निघतात. 24 ला चारानं भाग जातो, म्हणून हाफ नट (टूलचा गाडा लीड स्क्रूला जोडणारा नट) कुठेही लावला तरी टूल त्याच खाचेत येतं. लीड स्क्रू मिलिमीटरचा असेल तर 127 दात्यांचं गिअर लागतं आणि काम संपेपर्यंत हाफ नट सोडायचा नाही, प्रत्येक वेळी लेथ उलटा फिरवून मागे यायचं. घाईत हाफ नट सोडला की दुसरा फेर भलतीकडे पडतो.

असा कापलेला आटा कारखान्यात दाबून काढलेल्या आट्याइतका टिकाऊ नसतो, कारण दाबताना धातूचे तंतू आट्याच्या वळणानं जातात आणि कापताना तुटतात. बॉडी, बंपर, फूटबोर्ड, बॅटरीचा ट्रे, इथे खुशाल वापरावा. चाकाचे स्टड (ज्यांवर चाकाचे नट बसतात ते बोल्ट), फ्लायव्हील, कनेक्टिंग रॉड, स्टिअरिंग आर्म, इथे कधीच नाही. ते तयार आणि योग्य ग्रेडचेच घ्यायचे, कितीही वाट पाहावी लागली तरी.

चाकांचे स्टड अर्ध्या इंचाचे, इंचात 20 आट्यांचे. जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांना डावे आटे असतात. हे माहीत नसलेला माणूस नट सोडवायच्या नादात घट्ट करत जातो आणि स्टड पिळून तोडतो. डावे मिळत नाहीत म्हणून उजवे बसवायचे झाले, तर त्या हबचे पाचही स्टड आणि पाचही नट एकदम बदलायचे. मिसळ ठेवली तर पुढच्या पंक्चरला कोणाचा तरी जीव टांगणीला लागेल.

ओतीव लोखंडातले गेलेले आटे ही वेगळीच डोकेदुखी. 7/16 चं भोक सरळ एम12 करून टाकू, असा सल्ला सर्रास मिळतो. एम12 साठी भोक 10.2 मिलिमीटरचं हवं, पण जुन्या आट्यांच्या खाचा 11.1 पर्यंत गेलेल्या असतात, म्हणून नव्या आट्याला जागोजागी अर्धीच खोली मिळते. त्यापेक्षा हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसणारी तारेच्या आट्यांची गुंडाळी, बसवावी, मूळ मापाचा बोल्टही तसाच चालतो. आटे शाबूत आणि नुसते गंजलेले असतील तर टॅप (भोकात आटे कापणारं हत्यार) फिरवू नये, तो चांगला धातूही खातो. त्याच मापाच्या ग्रेड 8 बोल्टाला लांबीनं तीन खाचा पाडून, तेल लावून तोच आतबाहेर करायचा. गंज खाचांत जमा होतो.

शेवटी मुलामा. 10.9 किंवा त्याहून कठीण बोल्ट झिंक प्लेटिंगला देताना प्लेटरला तसं सांगायचं. आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि घट्ट केलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप तुटू शकतो. प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत भट्टीत 190 ते 220 अंशांवर काही तास ठेवावं लागतं. तशी भट्टी नसेल तर मुलामा नको, तेल आणि रंग पुरे. बसवल्यावर शंभरेक किलोमीटर गाडी चालवून स्प्रिंगचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासायचे. नवे पृष्ठभाग दबून बसतात आणि पहिला ताण थोडा उतरलेला असतो.