उजेड नव्हे, रस बघायचा

(दृश्य: पत्र्याच्या शेडपुढे उभ्या असलेल्या ऊसाच्या ट्रॉल्या. आत हळद-कुंकू लावलेलं वेल्डिंग मशीन.)

दसऱ्याच्या आसपास कोल्हापूर-सांगलीकडच्या फॅब्रिकेशनच्या शेडसमोर ट्रॉल्यांची रांग लागते. कारखान्यांचं बॉयलर अग्निप्रदीपन झालं की गळीत हंगाम सुरू. त्याआधी प्रत्येक ट्रॉलीच्या चिरा भरून व्हायला हव्यात. खंडेनवमीला ज्या मशीनची पूजा झाली, ते दुसऱ्या दिवसापासून रात्री उशिरापर्यंत थांबत नाही. आणि नेमक्या याच घाईत एखादं नवं पोरगं कामाला लागतं.

(दृश्य: मिस्त्री मुलाच्या हातात होल्डर देतो.)

शिकण्यासारखं सामान तसं थोडंच आहे. मशीनमधून दोन जाड केबल निघतात. एक होल्डरला जाते, दुसरी अर्थच्या क्लॅम्पला. होल्डरमध्ये रॉड धरायचा, क्लॅम्प जॉबला, म्हणजे जोडायच्या लोखंडाला लावायचा. क्लॅम्प लावताना तिथला रंग आणि गंज आधी घासून काढायचा, नाहीतर करंट अडखळतो आणि क्लॅम्पच तापतो. रॉड जॉबला घासून जरासा उचलला, की मधल्या फटीत ठिणगी धरून राहते. हाच आर्क. तिथली उष्णता साडेतीन हजार अंशांच्या वर जाते. लोखंड वितळायला दीड हजार पुरतात.

पहिल्या दिवशी सगळ्यांचा रॉड चिकटतो. हात घाबरतो, रॉड लालबुंद होतो. मनगट झटकून तो सोडवायचा. नाहीच सुटला तर होल्डरचा चाप दाबून मोकळं व्हायचं. वेल्डिंगची काळी काच मात्र तोंडावरच ठेवायची, कारण रॉड सुटतानाच पुन्हा आर्क पेटतो.

(दृश्य: काळ्या काचेतून दिसणारा आर्क. मागून सरकणारा वितळलेला रस.)

नवं पोरगं उजेड बघतं. मिस्त्री उजेडाच्या मागचा रस, म्हणजे वितळलेलं लोखंड बघतो. रस दोन्ही कडांना पोहोचला का, पसरतोय की नुसता वर साचतोय, यावरून त्याचा हात पुढे सरकतो. "उजेडाकडं काय बघतोस? रस बघ, रस," हे वाक्य शेडमध्ये दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतं. माझ्या मते अख्खं वेल्डिंग या एका वाक्यात आहे.

रॉडवरचा थर नुसतं वेष्टण नव्हे. तो जळताना वायू तयार होतो आणि रसाला हवेपासून वाचवतो. उरलेला मळ वर तरंगून घट्ट होतो, त्याला स्लॅग म्हणतात. चिपिंग हॅमरने तो उडवायचा आणि वायर ब्रश मारायचा. तो न काढता वर दुसरा थर चढवला, तर मळ आतच अडकतो. बाहेरून टाका सुंदर, आतून पोकळ. स्लॅग उडवताना डोळ्यांवर पांढरा गॉगल हवाच. गरम खपली थेट डोळ्यात जाते.

रॉडवर छापलेला ६०१३ हा आकडाही वाचता यायला हवा. ६० म्हणजे जोडाची ताकद: दर चौरस इंचाला साठ हजार पौंड, आपल्या हिशेबात चौरस मिलिमीटरला साधारण ४२ किलो. १ म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर, कसंही चालणारा. शेवटचा आकडा वरच्या थराचा प्रकार आणि करंट सांगतो. ग्रिल-गेटला हा रॉड उत्तम. पण ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी दांडी तडकली असेल, तर ७०१८ वापरावा, आणि तोही कोरडा. पावसाळ्यात ओल धरलेल्या रॉडमुळे जोडात हायड्रोजन शिरतो आणि काम झाल्यावर काही तासांनी, कधी दिवसांनीही, चीर पडू शकते. म्हणून हे रॉड ओव्हनमध्ये ठेवतात.

(दृश्य: मिस्त्री ग्राइंडरने चिरेची खाच करतो.)

भेगेवर नुसता टाका ओढणं म्हणजे फाटक्या पोत्यावर कागद चिकटवणं. आधी भेगेच्या दोन्ही टोकांना भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग ग्राइंडरने खाच करून तळापासून भरत यायचं. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ९० ते १३० अँपिअर पुरतात. करंट कमी पडला की पकड येत नाही. जास्त झाला की कडेला चर पडतो, त्याला अंडरकट म्हणतात. भरलेली ट्रॉली नेमकी त्या चरावर तुटते. आणि ती तुटते तेव्हा मागून मोटरसायकलवर कुणीतरी येत असतं.

(दृश्य: रात्र. डोळे चोळणारा मुलगा.)

आता डोळे. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण जळतात ते बहुधा मिस्त्रीचे नव्हे, जॉब धरणाऱ्या हेल्परचे. त्याच्याकडे काच नसते. तो नुसती मान फिरवतो. दिवसभर काही जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही. बुबुळाचा वरचा पडदा अतिनील किरणांनी भाजलेला असतो. बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डॉक्टरकडे जा. आणि बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून मनाने घालू नका. वेदना थांबते, पण जखम भरायची लांबते. साधा काळा चष्मा चालत नाही. काच १० किंवा ११ नंबरची हवी, मिस्त्रीला आणि हेल्परलाही.

अंगात सुती पूर्ण बाह्या, चामड्याचे कोरडे हातमोजे, पायात बूट. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं. रॉड बदलताना होल्डरवर ऐंशीच्या आसपास व्होल्ट असतात. हात घामेजलेला आणि पायाखाली ओल असेल, तर तेवढेही जीव घेतात.

गॅल्व्हनाइज्ड पाइपवर वेल्डिंग केलं की पांढरा धूर येतो, तो जस्ताचा. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दूध-गूळ खाल्ला की धूर निघून जातो असं सांगतात, पण फुप्फुसात गेलेलं पोटावाटे जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला. जस्त आधी घासून काढा, वारा पाठीमागून किंवा बाजूने येऊ द्या, डोकं धुरात घालू नका.

डिझेलची रिकामी टाकी कधीच वेल्डिंगला घेऊ नये. आत उरलेली वाफ आणि हवा मिळून स्फोट होतो. ट्रॉलीचं काम ट्रॅक्टर सोडवूनच करावं.

(दृश्य: मुलगा ट्रॉलीच्या कोपऱ्यातून वाळलेलं पाचट ओढून काढतो.)

ऊसाच्या ट्रॉलीत पाचट अडकलेलं असतं. काम सुरू करण्याआधी ते खरवडून काढायचं, पाण्याची बादली जवळ ठेवायची, मात्र केबलपासून लांब. शेवटचा टाका मारला, मेन स्विच बंद केला, तरी घरी पळायचं नाही. ठिणगी पाचटात आतल्या आत धुमसत राहते. अर्धा तास तिथंच बसायचं, कोपरे बघायचे, वास घ्यायचा. शटर त्यानंतर ओढायचं.