केसांत पीस खोवलेली माणसं

मंडळी, सुरुवात एका शिवीपासून करू. 'बर्बर' हा शब्द आपल्याला नवा नाही. पेपरात अत्याचाराची बातमी आली की 'बर्बर कृत्य' असं आपण बिनदिक्कत लिहितो. संस्कृतात तो महाभारतात भेटतो. ग्रीकांचा 'बार्बारोस' म्हणजे ज्याचं बोलणं आपल्याला नुसतं 'बरबर' ऐकू येतं असा माणूस. ग्रीक, लॅटिन, मग अरबी असा प्रवास करत हे नाव उत्तर आफ्रिकेतल्या लोकांना चिकटलं. मोरोक्कोपासून थेट इजिप्तमधल्या सिवा मरूद्यानापर्यंत ते पसरलेले आहेत. ते स्वतःला मात्र अमाझिघ म्हणवतात, अनेकवचनी इमाझिघेन.

नाव जसं दुसऱ्यांनी दिलं तसं मूळही दुसऱ्यांनीच ठरवलं. गंमत अशी, की ज्याने त्याने त्यांना बाहेरूनच आणलं. रोमन इतिहासकार सॅलस्ट म्हणतो, हर्क्युलिसच्या फुटलेल्या सैन्यातले मीड, पर्शियन आणि आर्मेनियन तिथे येऊन मूळच्या लोकांत मिसळले. सहाव्या शतकातला इतिहासकार प्रोकोपियस सांगतो, हे बायबलमधल्या जोशुआला भिऊन पळालेले कनानी. अरब वंशावळकारांनी त्यांना येमेनच्या हिम्यरांशी जोडलं. चौदाव्या शतकात ट्युनिसच्या इब्न खल्दून या इतिहासकाराने ही येमेनची कथा खोटी म्हणून उडवून लावली, आणि मग स्वतःच त्यांना बायबलमधल्या नोहाचा मुलगा हाम, त्याचा मुलगा कनान याच्या वंशात नेऊन बसवलं!

हाडं काय सांगतात? मोरोक्कोतल्या ताफोराल्त गुहेतल्या सुमारे १५,००० वर्षांपूर्वीच्या माणसांचा डीएनए २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासानुसार त्यांचं साधारण दोन तृतीयांश नातं पश्चिम आशियातल्या नातुफी लोकांशी जुळतं, उरलेलं सहाराच्या दक्षिणेकडच्यांशी. पुढे नवाश्मयुगात स्पेनच्या बाजूनेही माणसं येऊन मिसळली. म्हणजे मिसळ आहे, पण खूप जुनी, आणि तिथेच मुरलेली.

आता चित्रांकडे येतो. माझा जीव तिथे जास्त रमतो.

पहिलं चित्र इजिप्तमधल्या राजांच्या खोऱ्यातल्या, पहिला सेती या फॅरोच्या थडग्यातलं. १८१७ मध्ये बेल्झोनीला हे थडगं सापडलं. भिंतीवर माणसांचे चार प्रकार रांगेने चालले आहेत: इजिप्शियन, आशियाई, नुबियन आणि लिबियन. लिबियन म्हणजे इजिप्तच्या पश्चिमेचे लोक, अमाझिघांचे पूर्वज मानले जाणारे. हा लिबियन नीट बघा. रंग उजळ, हनुवटीवर टोकदार दाढी, कानाजवळून खाली आलेली केसांची एक जाड बट, डोक्यात खोवलेली पिसं. अंगावर समोरून उघडा, नक्षीदार लांब झगा, आणि दंडांवर, पायांवर गोंदण. या चित्रावरून इंटरनेटवर रोज मारामाऱ्या चालतात: बघा, ते गोरे होते, बघा, नव्हते. पण जे चित्र बहुतेक वेळा फिरतं ती भिंत नव्हेच; ती मिनुटोली नावाच्या प्रशियन प्रवाशाची १८२० च्या सुमाराची नक्कल आहे. शिवाय इजिप्शियन चितारी स्वतःच्या पुरुषांना तांबूस आणि बायकांना पिवळट रंगवायचे. तिथे रंग ही खूण असते. कातडीचा नमुना म्हणून ती घेता येत नाही.

खुणेचं हे प्रकरण किती खोल जातं ते आता बघा. अबुसीर इथे पाचव्या राजवंशातल्या साहुरे राजाचं पिरॅमिड-मंदिर आहे, साधारण इ.स.पू. २४८० च्या आसपासचं. त्यात लिबियावरच्या विजयाचं दृश्य कोरलं आहे. लुटून आणलेल्या गुरा-गाढवांच्या, शेळ्या-मेंढ्यांच्या रांगा. सेशात देवी हिशेब लिहितेय. आणि एका बाजूला हरलेल्या लिबियन सरदाराची बायको आणि दोन मुलं गयावया करताहेत. तिघांची नावंसुद्धा कोरली आहेत. किती बारकाईने टिपलंय, असं वाटतं ना? आता दोनेकशे वर्षं पुढे या. दुसरा पेपी या राजाच्या मंदिरात तेच दृश्य, आणि बायको-मुलांची नावंही तीच. आणखी पुढे या, इ.स.पू. सातव्या शतकात, नुबियातल्या कावा इथे ताहर्का राजाचं मंदिर. पुन्हा तेच कुटुंब, तीच नावं! जवळपास अठराशे वर्षं ही बाई आपल्या दोन पोरांना घेऊन दयेची भीक मागतेय. साहुरेच्याही आधीचं एखादं मूळ चित्र असेल तर ती किती वर्षं उभी आहे, देव जाणे. राजाला विजय हवा, विजयाला हरलेला लिबियन हवा, आणि चिताऱ्याकडे छाप तयार.

म्हणून ही चित्रं टाकाऊ ठरतात का? अजिबात नाही. बट, पीस, गोंदण हे कुणीतरी एकदा डोळ्यांनी पाहिलेलं असणार. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसही सांगतो की लिबियातले मॅक्सीज लोक डोक्याची डावी बाजू भादरतात आणि उजवीकडे केस वाढवतात. रोममध्ये ट्रेजनच्या स्तंभावर, इ.स. ११३ मध्ये, सेनापती लुसियस क्विएटसचे मूर, म्हणजे वायव्य आफ्रिकेतले, घोडेस्वार कोरलेले आहेत. डोक्यावर मळसूत्रासारख्या पिळदार बटांच्या रांगा, अंगात आखूड अंगरखा, घोड्याला खोगीर नाही, लगाम नाही. शेजारी जडजंबाल चिलखतं घातलेले रोमन शिपाई आणि त्यांच्यामधून हे मोकळे धावताहेत. इथे ते रोमच्या बाजूने लढताहेत, म्हणून गयावया करणारं कुणी नाही.

मग त्यांनी स्वतः स्वतःला कसं काढलं? अल्जीरियातल्या तासिली न'अज्जेरच्या खडकांवर पंधरा हजारांहून जास्त चित्रं आणि कोरीवकाम आहे. त्यातले घोडागाड्या हाकणारे लोक अमाझिघांचे पूर्वज मानले जातात. त्यानंतरच्या उंटांच्या चित्रांबरोबर तिफिनाग या अमाझिघांच्या लिपीतली अक्षरंही दिसतात. १९५६ मध्ये आन्री लोत या फ्रेंच संशोधकाच्या चमूने नकला करताना रंग उजळ दिसावेत म्हणून भिंतींवर पाणी फिरवलं. हजारो वर्षं टिकलेला रंग त्याने खराब झाला. आपल्याकडे वाकणकरांना भीमबेटका दिसलं ते पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये.

शेवटचं चित्र इजिप्तमधल्या कर्नाकच्या मंदिरातलं. इ.स.पू. दहाव्या शतकात मेश्वेश या लिबियन टोळीतला शोशेन्क इजिप्तचा फॅरो झाला. आज इमाझिघेन आपलं नववर्ष, येन्नायेर, आपल्या संक्रांतीच्या आगेमागे साजरं करतात आणि वर्षं मोजतात ती त्याच्या नावाने, इ.स.पू. ९५० पासून. अल्जीरियात २०१८ पासून त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते. त्याच्या वंशाच्या काळात मेश्वेश सरदार दानलेखांच्या शिळांवर डोक्यात पीस खोवूनच उभे दिसतात. स्वतः शोशेन्क मात्र कर्नाकच्या भिंतीवर अस्सल फॅरोच्या थाटात उभा आहे. डोक्यावर इजिप्तचा मुकुट आहे, शत्रूंचे केस मुठीत धरलेत, दुसरा हात उगारलाय. पिसाचा कुठे मागमूस नाही.